सोळावा शब्द

टेबलाभोवती चौघांनी बसायचं, समोरासमोरच्या दोघांनी एका बाजूने लढायचं आणि लढताना एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. असा खेळ आपल्याकडे निघाला नाही यात नवल नाही. आपल्याकडे मेंढीकोट निघाला. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळच्या माजघरात जो मेंढीकोट रंगायचा, त्यात खुणा हा खेळाचाच भाग होता. मामाने उजवा कान खाजवला की त्याच्याकडे बदामाचा एक्का, मावशीने पदर सारखा केला की हुकूम संपले, आणि आजी "काय मेलं उकडतंय" म्हणाली की मेंढी सांभाळ. समोरच्या पार्टीला हे सगळं ठाऊक असायचं. त्यांच्याही खुणा असायच्याच. ज्याच्या खुणा सरस, त्याचा कोट. याला कोणी लबाडी म्हणत नसे, तयारी म्हणत.

ब्रिजमध्ये याच तयारीबद्दल माणसाला दहा-दहा वर्षं घरी बसवतात.

ज्यांनी ब्रिज कधी खेळला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. (ज्यांनी खेळला आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. नाहीतरी ते मध्येच "तसं नाहीये ते" म्हणणार.) प्रत्येकाला 13 पानं. आधी लिलाव: अमुक हुकूम ठेवून आम्ही इतके हात करू. ज्याची बोली चढी त्याचा करार. मग पहिलं पान पडलं की करार घेणाऱ्याचा पार्टनर आपली सगळी पानं टेबलावर उघडी मांडतो आणि डमी होतो. म्हणजे यापुढे त्याने फक्त बघायचं आणि सोसायचं. आता या 13 पानांचे 63,501 कोटींहून जास्त वेगवेगळे संच होऊ शकतात. त्यातला नेमका कुठला आपल्या नशिबी आलाय हे पार्टनरला कळवायला शब्द किती? 15. एक ते सात आकडे, चार रंग, नो ट्रम्प, पास, डबल, रिडबल. संपला शब्दकोश. सोळावा शब्द नाही. भुवई उडवायची नाही, सुस्कारा टाकायचा नाही, पान आपटायचं नाही. फार वेळ विचार केलात तर तो वेळसुद्धा 'माहिती' ठरतो, आणि त्या माहितीचा फायदा पार्टनरने घ्यायचा नसतो. म्हणजे तुम्ही घुटमळलात हे त्याने पाहायचं, त्याला सगळं समजायचं, आणि तरी न समजल्यासारखं वागायचं. संसारात मुरलेल्या माणसांना हे जमतं. बाकीच्यांना सराव लागतो.

आज खेळतात त्या कॉन्ट्रॅक्ट ब्रिजची गुणपद्धत 1925 साली हॅरल्ड व्हँडरबिल्ट या अमेरिकन धनाढ्याने पनामा कालव्यातून जाणाऱ्या एका बोटीवर बसवली. माझ्या मते मूळ घोळ तिथेच आहे. बोटीवर दूधवाला नव्हता, दारावरची बेल नव्हती, शेजारचे जोशी नव्हते आणि कुकर नव्हता. तिथे गप्प बसायला काय लागतं?

तर गेली 100 वर्षं जगभरची माणसं हा सोळावा शब्द शोधतायत. 1965 साली ब्युनॉस आयर्सच्या जागतिक स्पर्धेत ब्रिटनच्या टेरेन्स रीस आणि बोरिस शापिरो या नामांकित जोडीवर आरोप झाला की पानांमागे दिसणारी त्यांची बोटं म्हणजे हातातल्या बदामांची संख्या. जागतिक महासंघाने दोषी म्हटलं, ब्रिटनमधल्या चौकशीने पुढच्या वर्षी आरोप सिद्ध होत नाही म्हटलं, आणि खरं काय यावर जुनेजाणते अजून हमरीतुमरीवर येतात. मग 1975 मध्ये बर्म्युडाच्या जागतिक स्पर्धेत पडदा आला. टेबलावर तिरका पडदा लावायचा, म्हणजे पार्टनरचं तोंडच दिसायला नको. पण पडदा टेबलाच्या वर होता आणि पाय टेबलाच्या खाली. इटलीच्या जोडीतल्या एकाचा पाय टेबलाखालून पार्टनरच्या पायाला भेटायला जातोय, हे एका अमेरिकन पत्रकाराने पाहिलं. जोडीला कडक ताकीद मिळाली आणि संयोजकांनी धावाधाव करून टेबलाखाली आणखी छोटी टेबलं घुसवली. जगज्जेतेपदाचा सामना, आणि खाली टीपॉय!

डोळे झाकले, पाय अडवले, राहिला घसा. 2013 साली बालीत ज्येष्ठांच्या जागतिक स्पर्धेत जर्मनीच्या एका जोडीचा खोकला प्रतिस्पर्ध्यांना फार शिस्तीचा वाटला. चौकशीत ठरलं ते असं: एकदा खोकला तर किलवर, दोनदा चौकट, तीनदा बदाम, चारदा इस्पिक, जो रंग हातात कमी तो खोकायचा. दोघांनाही 10 वर्षांची बंदी झाली, आणि जोडीने खेळायला तर जन्माची. दोघेही पेशाने डॉक्टर. आयुष्यभर दुसऱ्यांना "जरा खोकून दाखवा" म्हटल्यावर हे व्हायचंच.

हा सगळा इतिहास पाहिला की ऑनलाइन ब्रिज म्हणजे साक्षात मुक्ती वाटते. 1990 साली मॅथ्यू क्लेग या अमेरिकन माणसाने ओकेब्रिज काढलं, 2001 मध्ये फ्रेड गिटेलमन या कॅनेडियन खेळाडूने ब्रिज बेस ऑनलाइन आणलं, आणि चौघे चार गावी बसून खेळू लागले. पाय आपापल्या घरी, घसे आपापल्या घरी. पानं यंत्र पिसतं, गुण यंत्र मोजतं. रंग हातात असताना हुकूम मारून "अरेच्चा, इथे मागे लपला होता वाटतं" म्हणायची सोय नाही. ते पान उचललंच जात नाही. बोलीचा काही खास अर्थ असेल तर तो पार्टनरने सांगायचा ही टेबलावरची रीत इथे उलटी केली: आपल्या बोलीचा अर्थ आपणच लिहायचा, तो फक्त विरोधकांना दिसतो आणि पार्टनर बिचारा अंधारात राहतो. गप्पा मारायला एक चौकोन असतो, त्यात लोक 'टीवायपी' लिहितात, म्हणजे थँक यू पार्टनर. डमीची पानं पाहून हे लिहायचा शिष्टाचार आहे, मग त्या पानांत एक राजासुद्धा का नसेना.

शिवाय अंतर. 1929 साली अमेरिकेत कॅन्सस सिटीला मर्टल बेनेट नावाच्या बाईंनी ब्रिजच्या टेबलावरून उठून नवऱ्यावर गोळ्या झाडल्या. त्याने चार इस्पिकांचा करार घेतला होता आणि तो बुडवला होता. पुढे खटल्यात ज्युरीने बाईंना निर्दोष सोडलं. ज्युरीत किती जण ब्रिज खेळत होते याची नोंद मला सापडली नाही, पण अंदाज बांधता येतो. ऑनलाइनमध्ये ही भीती नाही. पार्टनर फार तर तुम्हाला यादीतून काढून टाकतो.

आणि ज्यांना कुठलाच पार्टनर टिकत नाही, त्यांना यंत्रमानव भाड्याने मिळतो. चेष्टा नव्हे, खरोखर थोडे पैसे भरून मिळतो. तो डावानंतर "तुम्ही राणी का टाकलीत?" असं कधीच विचारत नाही. आमच्या परिचयातले एक निवृत्त बँक मॅनेजर गेली काही वर्षं फक्त यंत्रमानवाबरोबर खेळतात आणि त्यांचा रक्तदाब पाहण्यासारखा सुधारलाय. यंत्रमानवाचं काय झालं ते कळायला मार्ग नाही.

मग 2020 आलं. टाळेबंदीत क्लबांना कुलपं लागली आणि जगातला जवळजवळ सगळा ब्रिज पडद्यावर गेला. क्लबातून गेलेली माणसं आपला स्वभाव क्लबात ठेवून गेली नव्हती. सोळावा शब्द काही आठवड्यांत सापडला, आणि तो एकटा शब्द नव्हता, अख्खा कोश होता. त्याचं असं झालं: ऑनलाइन टेबलाशेजारी कुणीही बघ्या म्हणून येऊन बसू शकतो आणि बघ्याला चौघांचीही पानं दिसतात. तेव्हा काहींनी दुसऱ्या लॅपटॉपवर खोट्या नावाने खातं उघडलं आणि स्वतःच्याच टेबलावर बघे म्हणून जाऊन बसले! एकच माणूस, इकडे खेळाडू, तिकडे प्रेक्षक, आणि मध्ये मान डावीकडून उजवीकडे. खुणा करायला पार्टनरचीही गरज नाही. पोलंडच्या एका जागतिक दर्जाच्या खेळाडूने त्याच वर्षी ही गोष्ट जाहीरपणे कबूल केली तेव्हा ब्रिजविश्वाला धक्का बसला. मला वाटतं, धक्का लबाडीचा कमी होता आणि एकटेपणाचा जास्त. आमच्या आजोळी लबाडीसाठी निदान दोन माणसं लागायची, तेवढाच जिव्हाळा.

यावर उपाय निघाले. महत्त्वाच्या स्पर्धांत बघ्यांना बंदी, नाहीतर प्रक्षेपण उशिराने, म्हणजे डाव होऊन गेल्यावर लोकांनी हळहळायचं. 2020 मध्येच इंग्लंडमधून रिअलब्रिज आलं, त्यात कॅमेरा आणि आवाज दोन्ही चालू ठेवून खेळायचं. माणूस समोर दिसला की तो दुसऱ्या लॅपटॉपकडे मान वळवणार नाही, हा त्यातला एक फायदा. थोडक्यात, 1975 साली जो चेहरा झाकायला पडदा आणला, तोच चेहरा दाखवायला आता पडदा वापरायचा. घसाही परत आला, ते सांगायला नकोच.

घराघरांतला प्रश्न याहून नाजूक आहे. ओळखीचं एक जोडपं आहे, ठाण्याचं. दोघं पार्टनर. काका हॉलमध्ये, काकू बेडरूममध्ये, मधलं दार बंद. विरोधक नाशिकला आणि बेंगळुरूला. आता या घरात खेळ चालू असताना कुठलं वाक्य निर्दोष मानायचं?

"अहो, चहा टाकू का?"

"टाक."

"साखर?"

"दोन."

दोन काय? किती चमचे की किती एक्के? दोघंही सचोटीची माणसं, त्यामुळे त्यांनी एका रविवारी ठरवलं की खेळ चालू असताना घरात कुणीही काहीही बोलायचं नाही. त्या रविवारी दूध उतू गेलं, गॅसवाला बेल वाजवून परत गेला, आणि कामाला आलेल्या मावशींनी घरात काहीतरी वाईट घडलंय असं समजून खालच्या मजल्यावर बातमी दिली. तरी पेच सुटला नाहीच. एका स्पर्धेत पहिलं पान टाकायची पाळी काकांची होती. चौकट टाकावी की बदाम, हा विचार चालू असताना स्वयंपाकघरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या. बालीचा कोश काकांना पाठ होता. तीन म्हणजे बदाम. काकांनी बदाम टाकला, करार बुडाला, टेबल जिंकलं, आणि काकांची झोप उडाली. कुकर काकूंनी लावला होता, त्यामुळे ती माहिती पार्टनरकडून आलेली ठरते का? शिट्ट्यांवर काकूंचं नियंत्रण नव्हतं, पण तांदूळ किती घ्यायचे यावर होतं. काकूंचं म्हणणं इतकंच की बोलीत बदाम आधीच येऊन गेला होता आणि कुणालाही तेच पान सुचलं असतं. आणि तुम्हाला एवढं नीतीचं पडलंय तर उठून गॅस का बंद केला नाहीत?

खरं तर चौकशी समित्या कुकर ऐकतच नाहीत. त्या आकडे बघतात. पहिलं पान समोरच्यांची पानं न बघता टाकायचं असतं, तिथे भल्याभल्यांचा नेम चुकतो. एखाद्याचा नेम शेकडो डावांत सतत बसायला लागला, तोही अनुभवाने कुणी टाकणार नाही अशी पानं टाकून, की त्याचं प्रकरण समितीकडे जातं. म्हणजे फार चांगलं खेळणं हाच पहिला पुरावा. आमच्या गटातल्या बहुतेकांना या कसोटीवर जगातलं कुठलंही न्यायालय निर्दोष सोडेल. एकाला तर मी सुचवलंही की तुमच्या डावांचा गठ्ठा नमुना म्हणून समितीला देऊन ठेवा, प्रामाणिक माणूस कसा दिसतो हे त्यांना कळेल. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलंय, जे ब्रिजच्या नियमांना धरूनच आहे.

उत्तेजकांची चाचणीही असते, हे ऐकून लोक हसतात. पण जागतिक क्रमवारीत पहिला असलेला नॉर्वेचा गेइर हेल्गेमो 2018 च्या ऑरलँडोच्या स्पर्धेत कृत्रिम टेस्टोस्टेरॉनच्या चाचणीत सापडला आणि बाहेर बसला. त्या उत्तेजकाने इस्पिकाची राणी जास्त जोरात टाकता येते का, हे अजून कुणी सिद्ध केलेलं नाही.

बघ्यांची बदनामी बरीच झाली, तेव्हा दुसरी बाजूही सांगायला हवी. 2015 साली बोये ब्रोगेलँड या नॉर्वेच्या खेळाडूने आपल्याच जुन्या संघातल्या फिशर आणि श्वार्ट्झ या इस्रायली जोडीवर जाहीर आरोप केले. युरोपीय स्पर्धेचे व्हिडिओ इंटरनेटवर होतेच. जगभरचे बघे ते तासन् तास बघत बसले, तेही ज्यात चार माणसं काहीही न बोलता बसलेली आहेत असे व्हिडिओ. यात बोर्ड, म्हणजे डावाची पानं ठेवायचा ट्रे, टेबलावर कुठे सरकवून ठेवतात तिथे संकेत आहे, असं कुणाच्या तरी लक्षात आलं. पाठोपाठ मायके मेव्हियस या नेदरलँड्सच्या एका शास्त्रज्ञ बाईंना, ज्या स्वतः हौशी खेळाडू, दुसऱ्या एका गाजलेल्या जोडीत असं दिसलं की टेबलावर पान कधी उभं ठेवलं जातं, कधी आडवं. फान्तोनी आणि नुनेस यांचं ते प्रकरण पुढे क्रीडा लवादापर्यंत गेलं आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून त्यांच्यावरची बंदी उठली. पण बघ्यांची मान तेव्हापासून ताठ झाली ती झालीच. चोरही बघ्या आणि हवालदारही बघ्या, असा हा मामला आहे.

बघण्याबद्दल ब्रिजच्या नियमपुस्तकात स्वतंत्र कलम आहे, 76 वं. बघ्याने एका खेळाडूपेक्षा जास्त जणांची पानं परवानगीशिवाय बघू नयेत, आणि बोली किंवा खेळ पाहून चेहऱ्यावर कसलीही प्रतिक्रिया दाखवू नये. हे कलम ज्यांनी लिहिलं त्यांनी संध्याकाळची 6:10 ची कर्जत लोकल पाहिलेली नसणार. तिथे गुडघ्यांवर ब्रीफकेस आडवी टाकून डाव पडला की वरच्या कड्यांना लटकलेली आठ माणसं चारही हात बघतात, आणि "अहो, गुलाम काढा ना, राजा तिकडे आहे!" हे विक्रोळीच्या आत ऐकू येतं. बघायचं आणि बोलायचं नाही, असं शिक्षण आपल्याला कुठल्याच शाळेत मिळालेलं नाही.

ऑनलाइन आल्यावर मात्र बघण्याचं सोनं झालं. जागतिक स्पर्धांचे सामने फुकट दिसतात. टेबलाजवळ बसलेला एक माणूस पडलेलं प्रत्येक पान टिपून पाठवतो, मातब्बर समालोचक त्यावर टिप्पणी लिहितात, आणि बघ्यांपुढे सगळी 52 पानं उघडी असतात. 52 पानं दिसत असली की कुणाचंही कधी चुकत नाही. "इथे राणी डावीकडून घ्यायला हवी होती", हे वाक्य मी आयुष्यात सगळ्यांत जास्त आत्मविश्वासाने अशाच वेळी उच्चारलंय. बिल गेट्स आणि वॉरन बफे दोघेही ऑनलाइन खेळतात, 'चालुपा' आणि 'टी-बोन' या नावांनी. म्हणजे शेअर बाजारातल्या बफेंच्या चालीवर बोट ठेवायची आपली छाती नाही, पण चौकटच्या दश्शीवर ठेवता येतं.

बघे किती आहेत तो आकडा खेळणाऱ्यांनाही दिसतो, ही मात्र क्रूर सोय. शून्याचा एक झाला की हात कापायला लागतो. पुण्यातल्या एका आजोबांच्या टेबलाशी रोज रात्री साडेनऊला एक बघ्या यायचा, काही न बोलता अर्धा तास बसायचा आणि जायचा. आजोबांना खात्री की कुणीतरी आपली पद्धत चोरतोय. त्यांनी पद्धत बदलली, पार्टनर हैराण झाला, शेवटी छडा लागला. न्यू जर्सीतला त्यांचा मुलगा दुपारच्या सुट्टीत डबा खाताना बाबा ठीक आहेत ना ते बघून जात होता. त्याला ब्रिज येत नाही. फोन केला तर बाबा "डाव चालू आहे" म्हणून ठेवून देतात, म्हणून ही युक्ती. कळल्यावर आजोबा एवढंच म्हणाले, की मग आधी सांगायचं, मी जुनी पद्धत सोडली नसती.

हा खेळ वयाचा आहे. 2018 च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार यांनी ब्रिजमध्ये भारताला सुवर्ण मिळवून दिलं तेव्हा एकाचं वय 60 आणि दुसऱ्याचं 56 होतं. त्यापुढच्या आशियाई स्पर्धेत हँगचौला भारताच्या पुरुष संघाने रौप्य जिंकलं, त्यात मुंबईचे जग्गी शिवदासानी आणि राजू तोलानी होते, तेही काही कोवळे नव्हते. जिथे पंचावन्नचा माणूस 'नवीन मुलगा' असतो तिथे गुडघे, डोळे, कान आणि थरथरणारे हात हे खेळाचं साहित्यच. आणि तरी आपल्याकडच्या क्लबांची कार्ड रूम पहिल्या मजल्यावर, लिफ्टशिवाय. एकदा चढलेला माणूस संध्याकाळभर खाली उतरत नाही, म्हणून खेळ लांबतो, असा माझा कयास आहे.

कानांचा प्रश्न स्वीडिश लोकांनी फार पूर्वी सोडवला. बोली तोंडाने न बोलता डब्यातलं छापील कार्ड काढून दाखवायचं. ऐकू कमी येणाऱ्याला फायदा, आणि "दोन बदाम" हे तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून तीन अर्थ सांगणाऱ्यांचं नुकसान. हातांचा प्रश्न कॉम्प्युटरच्या पडद्याने सोडवला, पण अर्धाच. 13 पानांचा पंखा धरायला नको हे खरं, पण बोट थरथरलं की एक नो ट्रम्पच्या जागी सात नो ट्रम्पवर जातं, आणि सातनंतर जगात काहीच उरत नाही. त्यासाठी 'नक्की का?' असं दोनदा विचारायची सोय असते. ती चालू करून ठेवायला बोट स्थिर लागतं. डोळ्यांसाठी चार रंगांची पानं: किलवर हिरवा, चौकट केशरी. आधी ती पानं पाहून बऱ्याच जणांनी पोरखेळ म्हणून नाकं मुरडली. मोतीबिंदू झालेल्यांनी मुरडली नाहीत.

ज्यांना दिसतच नाही त्यांची गोष्ट वेगळी, आणि ती मला आमच्या इमारतीतल्या सरांमुळे कळली. सर गणिताचे प्राध्यापक. काचबिंदूने दृष्टी गेली. क्लबात ते ब्रेलचे ठिपके उठवलेली पानं घेऊन खेळत. तेव्हा टेबलावरच्या प्रत्येकाने आपण टाकलेलं पान मोठ्याने सांगायचं असतं, आणि डमी एकदा वाचून दाखवली की ती सरांच्या डोक्यात. आपली 13 आणि डमीची 13. आम्हाला डमी समोर उघडी मांडलेली असते, दिवे लावलेले असतात, चष्मा असतो, आणि तरी समोरची पंजी दिसत नाही. क्लबाचे जिने अवघड झाले तेव्हा सर ऑनलाइन आले. त्यांच्या कॉम्प्युटरवर एनव्हीडीए नावाचा पडदा वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आहे. 2006 साली ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध प्रोग्रॅमरांनी तो काढला आणि तो फुकट मिळतो. पण तो वाचतो ते कुणीतरी लिहून ठेवलेलं असेल तरच. पानाच्या चित्रामागे 'इस्पिक राणी' असं नाव लिहिण्याचे कष्ट कुणी घेतले नसतील तर तो काय वाचणार? सरांनी सुरुवातीला ज्या ठिकाणी प्रयत्न केला तिथे तो सलग म्हणाला, "बटन, बटन, बटन", तेरा वेळा. सर म्हणाले, हात समतोल आहे, पण बोली काय देऊ?

मग त्यांना पानांना नावं असलेली जागा मिळाली. पुढची अडचण वेळेची. आवाज पानं वाचतो, बोली वाचतो, विरोधकांनी लिहिलेले अर्थ वाचतो, मध्येच 'टीवायपी'चं एकेक अक्षर वाचतो, आणि तोवर समोरच्याकडून प्रश्नचिन्हं यायला लागतात. आधी एक, मग तीन. आवाज तीही वाचतो. ज्या खेळात घुटमळणं हा गुन्ह्याचा भाऊ, त्यात सर प्रत्येक पानाला घुटमळणार. शेवटी त्यांनी आपल्या नावापुढे 'मी पानं ऐकून खेळतो' असं लिहून टाकलं. प्रश्नचिन्हं बंद झाली. काहींनी तर उलट कौतुकाने संदेश पाठवायला सुरुवात केली, जे वाचण्यात आणखी वेळ जातो.

सर हेडफोन लावत नाहीत. दाराची बेल आणि फोन त्यांना कानांनीच सांभाळायचे असतात. त्यामुळे संध्याकाळी त्यांच्या तळमजल्याच्या खिडकीतून आवाज येतो: "हार्ट्स, क्वीन. हार्ट्स, नाइन. क्लब्स, एस." खिडकीखाली ज्येष्ठांचा बाक आहे. पहिल्या आठवड्यात दोघे बसायचे, आता जागा धरावी लागते. आणि गंमत बघा, जगात 76 व्या कलमाचा पहिला भाग तंतोतंत पाळणारे बघे कुठे असतील तर ते या बाकावर. त्यांना एकाच खेळाडूची पानं कळतात. दुसऱ्या भागाचं मात्र काही करता येत नाही. सरांनी नको तो राजा टाकला की खिडकीखालून "अरेरे!" येतं. पण ज्यांना सरांइतकंच माहीत आहे त्यांच्या अरेरेचा सरांना काडीचा उपयोग नाही, त्यामुळे सर कानाआड करत.

घोटाळा झाला तो तिसऱ्या मजल्यावर नवीन आलेल्या भाडेकरूंमुळे. त्यांना ब्रिज येत होता. ते एकदा टॅब घेऊन बाकावर बसले आणि सरांच्याच टेबलाशी बघे म्हणून शिरले. आता बाकाला चारही हात दिसायला लागले. त्या संध्याकाळी सरांनी पान उचललं, ठेवलं, दुसरं उचलायला गेले, आणि बाकावरून सामुदायिक "हां!" आलं. सर थांबले. गणिताच्या माणसाला एवढं पुरे होतं. त्यांनी तो डाव मुद्दाम वाईट खेळून करार बुडवला, टेबलावरून बघ्यांना बंदी घातली, खिडकीत आले आणि बाकाला उद्देशून वर्गात बोलत तसं बोलले. भाडेकरूंनी टॅब घरी ठेवायचं कबूल केलं.

तेव्हापासून बाकाचं सरांशी उत्तम चाललंय. मध्यंतरी त्यांचं एक शिष्टमंडळ मात्र आत जाऊन आलं. तक्रार अशी, की तो आवाज डमीची पानं एकदाच वाचतो, तीही फार भरभर; निदान दोनदा वाचायला सांगा, आमच्या लक्षात राहत नाहीत.